कॅटमरान, ट्रायमरान आणि त्या घडवणारी क्लबाबाहेरची माणसं

उधाण

गेटवेहून मांडव्याला गेलेल्या प्रत्येकाला कॅटमरान माहीत असते, निदान तिकिटापुरती तरी. धक्क्यावरून जरा वाकून बघितलं तर तिची दोन पोटं दिसतात आणि मधून पाणी पळत असतं. मला नाद लागलाय तो तिच्या शिडाच्या पूर्वजांचा आणि त्याहून जास्त त्या घडवणाऱ्या माणसांचा. वाचताना एक गोष्ट सारखी समोर येत राहिली: यातले बहुतेक सगळे बाहेरचे. डॉक्टर, छापखानेवाला, चित्रकार, लाटांवर खेळणारा पोरगा. यॉट क्लबांनी आणि मानमरातबवाल्या बोटबांध्यांनी हा प्रकार एकतर हसण्यावारी नेला, नाहीतर नियम दाखवून बाहेर काढला.

सुरुवातीलाच एक विनंती. नाव तमिळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर पन्नास प्रतिसाद नकोत. विल्यम डँपियरने कोरोमंडल किनाऱ्यावरचे एकत्र बांधलेले ओंडके पाहिले, १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लिहिले, विषय संपला. त्याच माणसाने त्याआधी ग्वाम बेटावर बाजूला तराफा असलेली एक शिडाची होडी पाहिली होती. तिचा वेग त्याने स्वतः दोर सोडून मोजला, तो १२ नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल) भरला, आणि ठरवलंच तर ही ताशी २४ मैलही जाईल असं त्याने लिहून ठेवलं. युरोपातलं कुठलंही जहाज तेव्हा याच्या जवळपास नव्हतं. तरी पुढची दोनशे वर्षं कुणाला त्याची नक्कल करावीशी वाटली नाही, हे मला अजून कोडं आहे.

एकाने मात्र डँपियरच्याही आधी, स्वतःच्या डोक्याने प्रयत्न केला होता. सर विल्यम पेटी. पेशाने डॉक्टर, आयर्लंडची मोजणी करणारा, आकडेवारीवरून राज्यकारभाराचा विचार मांडणाऱ्या पहिल्या लोकांतला. त्याने १६६२ साली डब्लिनमध्ये दोन हलांची बोट बांधली. (हल म्हणजे होडीचं पाण्यात बसणारं मूळ अंग. हा शब्द पुढे सारखा येईल.) दुसरी बोट १६६३ मध्ये डब्लिन ते होलीहेड अशी टपाल बोटीशी लावली आणि पेटीची बोट जिंकली. पैजेची गोष्ट सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीतही आहे. दुसरा चार्ल्स राजा पेटीची यथेच्छ टिंगल करायचा, पण १६६४ च्या अखेरीस 'एक्सपेरिमेंट' पाण्यात सोडताना स्वतः हजर होता. पुढच्याच वर्षी ती बिस्केच्या उपसागरात वादळात माणसांसकट बुडाली. पेटीने वीस वर्षांनी, १६८४ मध्ये, पुन्हा एक बांधली. तीही फसली. चिकाटी बघा!

आता माझा लाडका माणूस. नॅथनिएल हेरेशॉफ, ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावचा. हा बाहेरचा नव्हे, सगळ्यात आतला, म्हणून त्याची गोष्ट जास्त झोंबते. १८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून न्यूयॉर्कला शर्यती झाल्या. अठ्ठावीस वर्षांचा हेरेशॉफ 'अमेरिलिस' घेऊन आला. लांबी पंचवीस फुटांच्या आसपास, दोन सडपातळ हल, मध्ये टांगलेली बसायची जागा. वारा पडलेला होता तोवर ती मागे रखडली. वारा सुटला आणि तिने एकेकीला मागे टाकत सगळा ताफा पार केला. लगेच तक्रारी. बक्षीस काढून घेतलं.

तिच्या जोडणीकडे नीट बघण्यासारखं आहे. दोन हल आडव्या तुळयांनी घट्ट ठोकून टाकले, की एक हल लाटेवर चढतो आणि दुसरा खळग्यात उतरतो तेव्हा सगळा पीळ तुळयांवर येतो. हेरेशॉफने सांध्यांत गोळा आणि वाटी बसवली, आपल्या खांद्यात असते तशी. त्यामुळे दोन्ही हल आपापल्या लाटेप्रमाणे खालीवर व्हायचे आणि मधली जागा त्यातल्या त्यात सपाट राहायची. १८७७ साली त्याला याचं पेटंट मिळालं. अजून काही कॅटमरान त्याने बांधल्या, पण शर्यतीत घेणारच नसतील तर गिऱ्हाईक येणार कुठून? तो एका हलाकडे परतला आणि पुढे १८९३ पासून १९२० पर्यंत अमेरिकाज कप (शिडाच्या बोटींची मानाची शर्यत) राखणारी एकूण एक बोट याच माणसाच्या कागदावरून उतरली. ज्यांनी त्याला बाहेर काढलं त्यांचीच इभ्रत त्याने सत्तावीस वर्षं सांभाळली.

चहा घेऊन येते. तोवर लिहा.

निमिष७

मस्त धागा. अडाणी प्रश्न: दोन हल म्हणजे पाण्याला घासणारा भाग वाढला, मग वेग वाढतो कसा? कमी व्हायला हवा ना?

टेकडीवरचा

अडाणी अजिबात नाही, मुद्द्याचा प्रश्न आहे. घासण्याचा विरोध दोन हलांना जास्तच असतो. म्हणून पडलेल्या वाऱ्यात कॅटमरान रडते, अमेरिलिसही त्याचमुळे आधी मागे होती. पण वेग वाढला की खरा शत्रू घासणं नसतो, बोटीने स्वतः उठवलेली लाट असते. बोट जितकी जोरात, तितकी लाट लांब. लाटेची लांबी बोटीएवढी झाली की बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते, आणि पुढे जायचं म्हणजे चढ चढायचा. जडशीळ बोटींसाठी ठोकताळा असा: पाण्यातल्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. २५ फुटांना ६.७ नॉट. त्यापुढे कितीही शीड लावा, पैसे वाया.

हल लांबट, अरुंद आणि हलका असेल तर तो लाटच मुळात एवढीशी उठवतो की हा चढ जाणवत नाही. मग एकच हल अरुंद का करत नाही? कारण ती होडी शीड वर चढवायच्या आत आडवी होईल. एका हलाच्या बोटीला उभं राहायला रुंदी तरी हवी, नाहीतर खाली कीलमध्ये, म्हणजे तळाखाली उतरणाऱ्या कण्यात, शिशाचं वजन तरी. वजन आलं की हलकेपणा गेला. दोन अरुंद हल एकमेकांपासून लांब ठेवले की तोल अंतरातून मिळतो, शिसं लागत नाही. सगळी गंमत एवढ्यातच आहे.

तोटा पण सांगतो, नाहीतर कुणी लगेच बोट विकत घ्यायला निघेल. कीलवाली बोट कलत जाते तसा तिचा उठायचा जोर वाढत जातो. कॅटमरानचा जोर वाऱ्याकडचा हल पाण्याबाहेर आला की कळसाला पोचतो, आणि तिथून घसरणच. पूर्ण उलटली, की उलटी तितकीच घट्ट.

वेंगुर्लेकर

आमच्याकडे याला कुणी पेटंट घेतलं नाही एवढंच. :) उलांडीची होडी सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यात अजूनही दिसते. होडीच्या एका अंगाला दोन दांडे आडवे बाहेर काढायचे, त्यांच्या टोकाला होडीला समांतर असा हलक्या लाकडाचा ओंडका बांधायचा, तो पाण्यावर लोळत राहतो. तीच उलांडी. होडी अरुंद, दोघा-तिघांची, तिच्यात उभं राहून जाळं ओढायचं म्हणजे एरवी सगळे पाण्यात. उलांडीच्या जोरावर माणूस निवांत उभा राहतो.

बांधणी बघायची तर दांडा होडीला जिथे बसतो तिथे बघा. खिळा नाही. दोरीचे वेढे, एकावर एक, आणि शेवटी मधून आवळून घेतलेली गाठ. लाट आली की सांधा किंचित हलतो, कुरकुरतो आणि परत जागेवर येतो. खिळा असता तर भोक मोठं होत गेलं असतं. हेरेशॉफच्या गोळा-वाटीचं वाचून मला हेच डोळ्यांसमोर आलं.

आणि खाडीपार गाड्या न्यायला दोन होड्यांवर फळ्या टाकून जंगार करायचे तो कॅटमरानच की! वेगाशी काही संबंध नाही त्याचा, ते वेगळं.

बेएरियातली_माऊ

वाचतेय, छान चाललंय. हवाईचा भाग मी लिहू का? दोनदा जाऊन आलेय आणि तिथे प्रत्येक किनाऱ्यावर या बोटी दिसतात.

पहिला माणूस एरिक द बिशप, फ्रेंच. वायकीकीच्या किनाऱ्यावर त्याने जोसेफ तातिबुए या जोडीदाराबरोबर 'काइमिलोआ' नावाची दोन हलांची बोट बांधली. १९३७ साली होनोलुलूहून निघाले ते ऑस्ट्रेलियाच्या वरून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून १९३८ मध्ये थेट फ्रान्सला कानला पोचले. म्हणजे कॅटमरान म्हणजे तळ्यातलं खेळणं, हा युक्तिवाद तेव्हाच निकालात निघायला हवा होता. निघाला नाही, कारण पुढच्या वर्षी युद्धच सुरू झालं.

दुसरा वुडी ब्राऊन. हा लाटांवर फळी घेऊन खेळणारा आणि ग्लायडर उडवणारा, ग्लायडरमध्ये अमेरिकन विक्रम केलेला. युद्धात बंदूक धरायला नकार दिला, म्हणून मोजणीच्या कामावर ख्रिसमस बेटावर पाठवला. तिथे बेटावरच्या लोकांची शिडाची होडी सुसाट जाताना पाहिली आणि डोक्यात किडा वळवळला. हवाईला परतल्यावर आल्फ्रेड कुमालाए या तिथल्याच बोटबांध्याला धरून १९४७ मध्ये 'मानू काइ' बांधली, ३८ फुटी. विमानाच्या पद्धतीने, पातळ प्लायवूडची, अगदी हलकी. हल दोन्ही बाजूंनी सारखे नव्हते: बाहेरची बाजू सपाट, आतली फुगीर. विमानाच्या पंखासारखाच हिशेब. वाऱ्याने बोट आडवी सरकू नये म्हणून एरवी खाली एक फळी सोडावी लागते. इथे तो जोर हलाच्या आकारातूनच मिळायचा. खाली लोंबणारं काही नाही, त्यामुळे बोट सरळ वाळूवर चढवता यायची. वायकीकीला पर्यटक न्यायला अगदी सोयीची.

या जोडीला रूडी चॉय येऊन मिळाला. त्याची 'आइकाने' १९५७ च्या लॉस एंजेलिस-होनोलुलू शर्यतीत पाहुणी म्हणून धावली, कारण अधिकृत प्रवेश नव्हताच, आणि सगळ्यांच्या आधी पोचली. उधाण, तुमचा क्लबाबाहेरचा मुद्दा इथेही लागू!

उधाण

माऊ, झकास लिहिलंत. कुमालाए आणि चॉय ही नावं एरवी तळटीपेत जातात आणि सगळं श्रेय ब्राऊनला मिळतं, ते तुम्ही टाळलंत याबद्दल विशेष आभार. वेंगुर्लेकर, तुमच्या दोरीच्या गाठीला आता मोठा साक्षीदार देते.

जेम्स व्हॅरम, मँचेस्टरचा, जन्म १९२८. द बिशपच्या प्रवासाची हकीकत वाचून वेडा झालेला. तेव्हा थोर हायरडालच्या १९४७ च्या कॉन-टिकी तराफ्याचा जगभर बोलबाला होता. पॉलिनेशियाची माणसं दक्षिण अमेरिकेतून तराफ्यांवर वाऱ्याबरोबर वाहत आली, असं त्याचं म्हणणं. व्हॅरमला हे पटेना. ज्यांच्याकडे दोन हलांच्या एवढ्या देखण्या होड्या, ते वाहत कशाला जातील? हवं तिथे जातील आणि परतही येतील. पण हे सिद्ध करायला खिशात दमडी नव्हती. त्याने साडेतेवीस फुटांची 'टांगारोआ' स्वतः बांधली. साडेतेवीस फूट म्हणजे आपल्या दोन खोल्यांची लांबी. १९५५ साली युटा आणि रूथ या दोन जर्मन मुलींबरोबर फाल्मथहून निघाला आणि अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोचला. बोटीला समुद्रकिडीने पार पोखरलं होतं. तिथेच युटाला मुलगा झाला, आणि तिथेच त्यांनी ४० फुटी 'रोंगो' बांधायला घेतली. मदतीला कोण, तर बेर्नार मोआतेसिए. पुढे जगप्रसिद्ध झालेला एकांडा दर्यावर्दी. १९५९ मध्ये रोंगो न्यूयॉर्कहून उत्तर अटलांटिक पार करून आयर्लंडला आली. त्या दिशेने कॅटमरानने केलेला तो पहिला प्रवास.

१९६० च्या दशकात व्हॅरमने नकाशे विकायला काढले. घराच्या अंगणात, प्लायवूडमध्ये, ज्याला रंधा धरता येतो त्याने बांधावी अशी बोट. हलाचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, शीड बेतशीर, आणि तुळया हलाला दोरीने बांधलेल्या. हो, दोरीने! त्याचे दहा हजारांवर नकाशे विकले गेले. यॉटवाल्यांनी त्याला हिप्पी म्हणून सोडून दिलं. दोन बायकांबरोबर राहणारा, बोटीवर उघडा वावरणारा माणूस, त्यामुळे टीकेला निमित्तही भरपूर. त्याच्या सगळ्या बोटी वेगवान नव्हत्या, काही तर चक्क संथ होत्या, पण माझ्या मते इतर कुणाही आरेखकापेक्षा त्याने सामान्य माणसाला समुद्रावर जास्त नेलं. २०२१ च्या डिसेंबरात गेला.

वाहत आले की चालवत आले, या वादाचा निकाल १९७६ मध्ये लागला. 'होकुलेआ' ही ६२ फुटी जुळी होडी हवाईहून ताहितीला गेली, आणि वाट दाखवायला होते सतावाल बेटावरचे माऊ पियाइलुग. होकायंत्र नाही, नकाशा नाही. तारे, लाटांची दिशा आणि पक्षी.

इंग्लंडच्या प्राउट बंधूंचं थोडक्यात. कॅन्व्ही बेटावरचे, कनू बनवायचा घरचा धंदा, दोघं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला कनू वल्हवायला गेलेले. दोन कनूंमध्ये बांबूची ताटी बांधून बघितली आणि त्यातून 'शिअरवॉटर' जन्मली. १९५६ ची शिअरवॉटर ३ शेकड्यांनी विकली गेली. पहिली खरी बाजारातली कॅटमरान तीच.

निमिष७

१८७६ ला अमेरिलिस, १९७६ ला होकुलेआ. शंभर वर्षं बरोब्बर! बाय द वे, आमच्या बाबांना अजून दमानियाची मुंबई-गोवा कॅटमरान आठवते, नव्वदच्या दशकातली. वर्णन करताना पोटात ढवळून निघालं हेच जास्त असतं.

कालवण

धागा चांगला आहे पण फार गोड चाललंय. क्लबवाले सगळे मूर्ख आणि बाहेरचे सगळे द्रष्टे, असं नसतं हो. ट्रायमरानचं कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो.

ट्रायमरान म्हणजे तीन हलांची बोट. हे नाव व्हिक्टर चेचेत या कीव्हहून अमेरिकेत गेलेल्या चित्रकाराने दिलं. तो हौशी, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला छोट्या बोटी बांधायचा, इथवर ठीक. पण तिचा प्रसार केला आर्थर पायव्हरने. कॅलिफोर्नियाचा, छापखान्याच्या धंद्यातला. त्याने १९६० मध्ये ३० फुटी 'निंबल' घेऊन अटलांटिक ओलांडला, नंतर ३५ फुटी 'लोडस्टार'मधून प्रशांत ओलांडून न्यूझीलंड गाठलं. धाडस मान्य. पण परत येऊन त्याने काय केलं, तर ज्याने आयुष्यात साधं स्टूल केलेलं नाही त्याला सांगितलं की तूही प्लायवूडच्या ताटांतून समुद्रात जाणारी बोट बांध, सोपं आहे. लोकांनी बांधल्या. कुणी स्वस्तातलं प्लायवूड लावलं, कुणी वर बंगला चढवला, कुणी कुटुंबाचं सगळं बिऱ्हाड भरलं. हलकेपणावर उभी असलेली बोट जड केली की तिच्यात उरलं काय? १९६८ साली पायव्हर स्वतः २५ फुटी ट्रायमरान घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून एकटा निघाला, एका शर्यतीची पात्रता फेरी म्हणून, तो परत आलाच नाही. ऑस्ट्रेलियाचा हेडली निकोलही त्याच्या दोन वर्षं आधी आपल्याच ट्रायमरानसकट समुद्रात गेला. क्लबवाले 'ही बोट नव्हे' म्हणत होते त्यात थोडं तथ्य होतं, एवढंच माझं म्हणणं.

जुना_खलाशी

कालवण यांच्याशी अर्धा सहमत. याच सालातली एक हकीकत सांगतो, कारण तिचं एक टोक मुंबईत आहे.

१९६८ ची गोल्डन ग्लोब. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले. त्यातल्या दोघांकडे पायव्हरच्या 'व्हिक्ट्रेस' आराखड्याच्या ट्रायमरान, लांबी चाळीस फुटांच्या आसपास: नायजेल टेटली आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनकडे ३२ फुटी 'सुहेली', मुंबईत सागवानात बांधलेली, इथल्या सुतारांनी वाकस चालवून घडवलेली. तो तेव्हा व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. आधुनिक म्हणाल तर सुहेलीत काहीच नव्हतं, जुन्या वळणाची जड बोट.

क्रोहर्स्टची बोट अर्धवट तयार. गळत होती. दक्षिण महासागरात गेलो तर मरू आणि परत फिरलो तर कर्जात बुडू, अशा पेचात तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत राहिला. टेटलीने मात्र खरोखर प्रदक्षिणा घातली, तीन हलांची पहिलीच बोट हॉर्नच्या भूशिरावरून एकट्याने नेली. परतीच्या वाटेवर बोट खिळखिळी झाली होती. पण मागून क्रोहर्स्ट येतोय असं समजून त्याने ती ताणली, आणि मे १९६९ मध्ये अझोर्स बेटांजवळ ती त्याच्या पायाखालून बुडाली. नसलेल्या प्रतिस्पर्ध्याने घात केला. जुलैत क्रोहर्स्टची बोट रिकामी सापडली. सुहेली त्याआधीच, २२ एप्रिलला, घरी पोचली होती. एकट्यानेच शर्यत पूर्ण केली म्हणून मिळालेले पाच हजार पौंड नॉक्स-जॉन्स्टनने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

आता गंमत ऐका. हाच नॉक्स-जॉन्स्टन पुढे कॅटमरानवाला झाला. १९९४ मध्ये पीटर ब्लेकबरोबर 'एन्झा' या मोठ्या कॅटमरानने त्याने पृथ्वीप्रदक्षिणा ७४ दिवस २२ तासांत केली. सुहेलीला ३१२ दिवस लागले होते.

उधाण

काका, हे एवढं सलग कुठेच वाचलं नव्हतं. धन्यवाद.

कालवण, पायव्हरबद्दल तुमचं बरंच खरं आहे. बांधणाऱ्याच्या हातावर आराखडा सोडून द्यायची त्याची बेफिकिरी मलाही खटकते. पण 'उलटते म्हणून बोट नव्हे' हे मी मान्य करणार नाही. शिशाची कील असलेल्या बोटीत पाणी शिरलं की तीच कील तिला तळाशी नेते. लाकडाची किंवा फोमची ट्रायमरान उलटी तरंगत राहते. १९८९ मध्ये न्यूझीलंडहून टोंगाला निघालेली 'रोझ-नोएल' उलटली. आतले चौघं पालथ्या बोटीत ११९ दिवस राहिले, पावसाचं पाणी साठवून आणि मासे धरून, आणि शेवटी न्यूझीलंडच्याच ग्रेट बॅरिअर बेटावर चालत उतरले. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना, इतके ते धडधाकट होते.

दुसरं म्हणजे पायव्हरनंतरच्यांनी धडा घेतलाच की. डेरेक केल्सॉलने मध्ये फोम आणि दोन्हीकडे फायबरग्लास अशी हलकी आणि कडक बांधणी आणली, आणि त्याची 'टोरिया' १९६६ ची पहिली राउंड ब्रिटन शर्यत जिंकली. आरेखक जाणता झाला तशी बोट सुधारली. क्लबांनी दार बंद ठेवलं नसतं तर हे पन्नास वर्षं आधी झालं असतं, आणि हौशी माणसांना जीव घालून शिकावं लागलं नसतं.

कालवण

ग्रेट बॅरिअरचं माहीत नव्हतं. ११९ दिवस कच्चा मासा... नको, आयडी बदलावा लागेल.

बेएरियातली_माऊ

:)))

डिक न्यूइक राहिला ना? माझ्या मते या सगळ्यांत सौंदर्यदृष्टी असलेला एकच. बाकीच्यांच्या ट्रायमरान खोक्यांसारख्या दिसतात, याच्या पाण्यावर बसल्यात असं वाटतच नाही. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉयवर पर्यटकांना फिरवायचा आणि बोटी आखायचा. त्याची 'मॉक्सी' घेऊन फिल वेल्ड १९८० मध्ये प्लिमथ ते न्यूपोर्ट ही एकट्याची अटलांटिक शर्यत जिंकला, सतरा दिवस आणि तेवीस तासांत, वयाच्या पासष्टाव्या वर्षी! आपल्याकडे या वयात लोक गुडघ्यांबद्दल बोलतात.

आणि १९७८ ची पहिली रूट द्यू र्‍हम. फ्रान्समधल्या सेंट-मालोहून ग्वादलूप. तेवीस दिवसांच्या शर्यतीनंतर शेवटच्या टप्प्यात माइक बर्चची पिवळी, ३८ फुटी ट्रायमरान मागून आली आणि तिच्याहून कितीतरी लांब अशा एका हलाच्या 'क्रिटर ५'ला तिने ९८ सेकंदांनी मागे टाकलं. आराखडा वॉल्टर ग्रीनचा. त्या दीड मिनिटानंतर फ्रान्समध्ये मोठ्या शर्यतीसाठी एका हलाची बोट मागायला कोण जाणार? त्याच शर्यतीत आलँ कोला आपल्या 'मानुरेवा' ट्रायमरानसह बेपत्ता झाला, हेही लिहायलाच हवं, नाहीतर कालवण ओरडतील.

निमिष७

आणि अमेरिकाज कपचं वर्तुळ? २०१० ला व्हॅलेन्सियात दोन्ही बोटी अनेक हलांच्या होत्या ना? ट्रायमरानने कॅटमरानला हरवलं.

उधाण

हो, आणि तेही क्लबाने प्रेमाने बोलावलं म्हणून नाही, कोर्टकज्ज्यांतून आलेली वेळ होती ती.

न्यूइकची 'चिअर्स' मात्र वेगळी लिहायला हवी. ती ना कॅटमरान ना ट्रायमरान. एक हल शिडाचा, दुसरा नुसता तोल धरणारा, आणि दोन्ही टोकं सारखी, म्हणजे पुढे-मागे असं काही नाही. दिशा बदलायची तर बोट वळवायची नाही, शिडं फिरवायची आणि उलट्या टोकाने निघायचं. ग्वामला डँपियरने पाहिली ती होडी अशीच चालते, फक्त तिथे छोटा हल नेहमी वाऱ्याच्या बाजूला असतो. न्यूइकने तो वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला ठेवला. चाचणीत ती उलटली. मग त्याने मोठ्या हलाच्या वाऱ्याकडच्या अंगाला एक फुगवटा जोडला, पूर्ण पालथी होऊ नये म्हणून. १९६८ च्या अटलांटिक शर्यतीच्या समितीने आधी असली बोट घ्यायला नकार दिला, तेव्हा टॉम फॉलेट तीच बोट चालवत अटलांटिक ओलांडून इंग्लंडला आला. आता काय बोलणार? शर्यतीत तिसरा आला. लांबी ४० फूट, आतली जागा एका माणसाला जेमतेम पाय पसरता येतील एवढी.

वेंगुर्लेकर, तुमच्या होडीला नाळ एकीकडेच, म्हणजे पुढचं-मागचं ठरलेलं. मग वारा उलांडीच्या बाजूने आला तर आणि पलीकडून आला तर, तांडेल काय करतो?

वेंगुर्लेकर

चांगला प्रश्न. वारा पलीकडून आला तर उलांडी पाण्यात दाबली जाते, ती दाबायची नसते. शीड थोडं सैल सोडतात, आणि माणसं पलीकडच्या काठावर सरकून बसतात. वारा उलांडीच्या बाजूने आला तर उलांडी उचलली जाते, तेव्हा एक जण दांड्यावर सरकून बाहेर जाऊन बसतो, आपल्या वजनाने तिला खाली धरायला. वारा वाढला की तो अजून बाहेर. फार वाढला की शीड खाली, वल्ही बाहेर. आमची होडी काही ताहितीला जायची नसते, बांगडे घेऊन दुपारच्या आत लिलावाला पोचायची असते.

श्रीलंकेच्या अशाच होड्यांवर जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की तिथे वारा माणसांवर मोजायचे: एक माणसाचा वारा, दोन माणसांचा वारा. जितके जण दांड्यावर बसवावे लागतील तितका.

जुना_खलाशी

तीन माणसांच्या वाऱ्यात आम्ही ३० हजार टनी जहाजावर पण चहा कपात अर्धाच ओतायचो. उधाण, द बिशपवर वेगळा धागा काढा. त्याचं त्या काइमिलोआनंतरचं आयुष्य इथे मावणार नाही.

उधाण

काढते, काका. तराफ्यावरचा त्याचा शेवटचा प्रवास आणि १९५८ मधला मृत्यू, तिथपासून सुरू करीन.